आजोबांचं एचएमटी घालायचंय? दुकानात देण्याआधी एवढं वाचा

आजोबा एसटीत कंडक्टर होते. त्यांच्या मनगटावर कायम एकच घड्याळ असायचं, एचएमटी जनता. ते गेल्यावर घड्याळ कपाटातल्या स्टीलच्या डब्यात गेलं, ते दोन वर्षांपूर्वी आवराआवरीत माझ्या हाती लागलं. चावी दिली, कानाला लावलं आणि काय, टिकटिक सुरू! दहा मिनिटांनी बंद पडलं. मी अतिउत्साहात ते एका दुकानात नेलं आणि सांगितलं, "एकदम नवं करून द्या."

त्यांनी खरंच नवं करून दिलं. चार दिवसांनी घड्याळ हातात आलं तेव्हा केस चकाचक, काच नवी, आणि पिवळट पडलेल्या पांढऱ्या डायलच्या जागी कडक निळी डायल. आठच्या खुणेजवळ पावसाचं पाणी शिरून पडलेला एक तपकिरी डाग होता, तोही गेला. आजीला दाखवलं. तिने चष्मा लावून ते उलटंसुलटं करून पाहिलं आणि माझ्या हातात परत दिलं. "हे काही ह्यांचं नाही गं."

दुकानदाराला बोलून उपयोग नव्हता. मी मागितलं तेच त्यांनी दिलं होतं. पण त्यानंतर या विषयात जरा खोलात शिरले, संभाजीनगरच्या जुन्या शहरातल्या एका घडीसाजकडे तासन्‌तास बसले, आणि कळलं की ही चूक करणारी मी एकटी नाही. सध्या इन्स्टावर जुन्या घड्याळांच्या रील्सचा पूर आलाय. घराघरातले डबे उघडतायत, आणि त्यातली बरीचशी घड्याळं 'नवी' होऊन कायमची जातायत.

म्हणून हा लेख. तुमच्या घरी असं घड्याळ असेल तर ते घालायचं कसं, सांभाळायचं कसं आणि त्याला कुणाचा हात कुठे लागू द्यायचा नाही, हे एकदा नीट समजून घेऊ.

डब्यात एचएमटीच का सापडतं?

स्वातंत्र्याआधी मनगटी घड्याळ म्हणजे परदेशी वस्तू. वेस्ट एंड वॉच कंपनीचं नाव तुमच्या पणजोबांच्या तोंडी असेल. १८८०च्या दशकात मुंबईच्या बाजारात उतरलेली ही कंपनी, घड्याळं मात्र स्विस. तिच्या 'सोवार' मॉडेलचं नाव म्हणजे आपला 'स्वार', घोड्यावरचा. फेवर ल्युबाही तसंच. स्विस कंपनी, पण भारतात इतकी चालली की अनेकांना ती देशीच वाटायची.

हिंदुस्थान मशीन टूल्स, म्हणजे एचएमटी, ही सरकारी कंपनी १९५३ मध्ये सुरू झाली ती कारखान्यांना लागणारी यंत्रं बनवायला. १९६१ मध्ये तिने जपानच्या सिटिझन कंपनीच्या मदतीने बंगळुरूत मनगटी घड्याळांचा कारखाना काढला. पुढे श्रीनगर, तुमकूर, रानीबाग असे कारखाने वाढत गेले. त्या काळात आयातीवर कडक बंधनं होती. परदेशी घड्याळ हवं तर गल्फमधल्या नातेवाइकाची वाट बघा, नाहीतर चोरट्या मार्गाने आलेलं घ्या. अशा बाजारात एचएमटीला स्पर्धाच नव्हती.

आणि नावं बघा. जनता, सोना, कांचन, पायलट, कोहिनूर, बायकांसाठी सुजाता. काही डायलवर तर 'जनता' हे नाव चक्क देवनागरीत. मास्तर, तलाठी, पोस्टमन, कंडक्टर, सगळ्यांच्या मनगटावर हेच. लग्नात नवरदेवाच्या मागण्यांत सायकल आणि रेडिओसोबत घड्याळही असायचं. त्यात ऑटोमॅटिक 'कांचन' हवं म्हटलं की मुलीच्या बापाची पळापळ. आज आपण त्याला 'व्हिंटेज' म्हणून गोड गोड बघतो, पण त्या घड्याळाची ही बाजूही आहेच.

मराठवाड्यातल्या घरांत कधीकधी 'ऑल्विन' निघतं. हैदराबाद ऑल्विनने १९८१ मध्ये जपानच्या सेइकोबरोबर घड्याळं बनवायला घेतली, आणि हैदराबादशी आपला संबंध जुनाच. मग आलं टायटन. १९८४ मध्ये टाटा आणि तमिळनाडू सरकारच्या महामंडळाने मिळून ही कंपनी काढली, क्वार्ट्झ म्हणजे सेलवर चालणारी घड्याळं बाजारात आणली आणि चावीच्या घड्याळांचे दिवस फिरले. एचएमटीची घड्याळ कंपनी बंद करायला केंद्रीय मंत्रिमंडळाने जानेवारी २०१६ मध्ये मंजुरी दिली. ही बातमी आली आणि ज्यांनी वीस वर्षांत एचएमटीकडे ढुंकून पाहिलं नव्हतं तेही जुने पीस शोधायला लागले. मूळ कंपनी, एचएमटी लिमिटेड, आजही थोडीफार घड्याळं विकते. बंगळुरूला तिचं म्युझियमही आहे, २०१९ मध्ये उघडलेलं.

या इतिहासाचा तुमच्या खिशाशी थेट संबंध आहे. एचएमटीने कोट्यवधी घड्याळं बनवली. त्यामुळे आज भारतात सांभाळायला सगळ्यात सोपं जुनं घड्याळ कोणतं, तर हेच. सुटे भाग नवे मिळत नसले तरी 'मेलेली' घड्याळं ढिगाने मिळतात, आणि एकाचा दात दुसऱ्याला बसतो. हीच सोय पुढे डोकेदुखी कशी होते ते बघूच.

डबा उघडला, चालतंय म्हणून लगेच घालू नका

चावीच्या घड्याळात सेल नसतो. तुम्ही चावी फिरवता तेव्हा आत एक पोलादी पट्टी गुंडाळली जाते, तिला कमान म्हणतात. ती हळूहळू उलगडते आणि दातेरी चाकं फिरवते. ही ताकद एका झटक्यात संपू नये म्हणून शेवटी एक बॅलन्स व्हील असतं, केसाएवढ्या स्प्रिंगवर पुढेमागे झुलणारं. आपल्याला ऐकू येते ती टिकटिक इथली. जनतामध्ये ती सेकंदाला पाच वेळा होते. तासाला १८,०००, दिवसाला ४,३२,०००.

आता विचार करा, दिवसाला चार लाख बत्तीस हजार ठोके खाणारा हा धुरा कशावर टेकतो? तर लालसर दगडांवर. डायलवर लिहिलेले '१७ ज्युवेल्स' म्हणजे हेच, कारखान्यात बनवलेली माणकं. सोनाराकडे त्यांची किंमत शून्य आहे, तेव्हा कुणी 'आत सतरा माणकं आहेत ताई' म्हणून भाव चढवला तर हसून पुढे जा. त्यांचं काम एवढंच की धुरा घासला जाऊ नये. त्यांच्यात तेलाचा एक अगदी बारीक थेंब असतो. वीस-तीस वर्षं डब्यात पडलेल्या घड्याळात हे तेल सुकून डिंक झालेलं असतं.

अशा घड्याळाला चावी दिली तर ते बऱ्याचदा चालतंही, माझ्यासारखं दहा मिनिटं. पण चालणं म्हणजे बरं असणं नाही. ऑइल नसलेली बाईक चार किलोमीटर पळते, म्हणून कुणी ती पैठणला नेत नाही. कोरडं मशिन रोज चाललं की धुऱ्याची टोकं झिजतात. मग नुसतं साफ करून भागत नाही, भाग बदलावे लागतात.

म्हणून डब्यातून काढल्यावर काचेतून आत पाणी किंवा बुरशी दिसते का ते बघा. चावी अगदी हलकेच, तीन-चार वेळा फिरवून बघा. अडत असेल तर तिथेच थांबा. चालत असेल तरी आनंद साजरा करून बंद पडू द्या आणि आधी सर्व्हिसिंग करून घ्या. घड्याळ सेलचं असेल, जुनं टायटन किंवा एचएमटी क्वार्ट्झ, तर आतला मेलेला सेल आजच्या आज काढून घ्या. जुने सेल गळतात आणि आतला सर्किट बोर्ड खाऊन टाकतात.

डायलला हात का लावू द्यायचा नाही?

माझं घड्याळ जिथे गेलं ती जागा ही.

डायल म्हणजे पितळेची पातळ चकती, तिच्यावर रंग आणि छपाई. 'डायल नवी करून देतो' म्हणजे दुकानदार बहुतेक वेळा दोनपैकी एक करतो. एकतर जुना रंग खरवडून नवा रंग देतो आणि नाव पुन्हा छापतो, किंवा तुमची डायल काढून बाजारातली तयार छापील डायल बसवतो. पहिल्यात मूळ छपाई कायमची जाते. दुसऱ्यात मूळ डायल निदान शिल्लक राहते, तुम्ही मागितली तर. मी मागितली नाही. नंतर विचारायला गेले तेव्हा ती कुठल्या डब्यात गेली हे कुणालाच आठवत नव्हतं.

जगभरातले जुन्या घड्याळांचे शौकीन अशा रंगवलेल्या, जोडाजोड केलेल्या घड्याळांना एका नावाने ओळखतात, 'मुंबई स्पेशल'. आपल्या राजधानीचं नाव असं शिवीसारखं वापरलेलं बघून आधी राग आला. मग त्यामागची गोष्ट कळली. ऑनलाइन बाजारात भारतातून विकली जाणारी स्वस्त 'स्विस' आणि 'जपानी' व्हिंटेज घड्याळं अनेकदा तीन मेलेल्या घड्याळांतून एक जिवंत केलेली असतात. मशिन एकाचं, केस दुसऱ्याची, डायल नव्याने छापलेली, तीही मोरपंखी नाहीतर भगव्या रंगात, जो त्या कंपनीने उभ्या जन्मात वापरलेला नसतो.

याला सरळ फसवणूक म्हणून मोकळं होणं मला पटत नाही. ज्या काळात नवे सुटे भाग यायचेच नाहीत, तेव्हा आपल्या कारागिरांनी हाताने रंग देऊन, जुन्या भागांची जुळवाजुळव करून लोकांची घड्याळं चालू ठेवली. गिऱ्हाइकालाही तेच हवं होतं. कंडक्टरचं घड्याळ ही अँटिक वस्तू नव्हती, रोजच्या कामाचं साधन होतं, ते घासूनपुसून नवं दिसलं तर तो खूशच व्हायचा. लबाडी सुरू होते ती हेच काम 'ओरिजिनल' म्हणून विकलं जातं तेव्हा.

मूळ डायलची किंमत दोन हिशेबांत असते. एक पैशाचा. तेच मॉडेल, तीच हालत, पण मूळ डायल असलेला पीस शौकीन जास्त पैसे मोजून घेतात, डाग असला तरी. रंगवलेल्या डायलचं घड्याळ ते हातातही धरत नाहीत. दुसरा हिशेब आजीने केला तो.

दुकानात नेमकं काय बोलायचं?

आधी घरी मोबाइलवर फोटो काढा. समोरून, मागून, बाजूने, आणि डायलवरचा प्रत्येक डाग जवळून. फोटो आहेत हे दुकानात सहज दिसेल असं वागा, भांडण्यासाठी नाही, पण दोघांनाही आठवण राहते.

मग सांगा की फक्त मशिनचं सर्व्हिसिंग हवंय. डायलला आणि काट्यांना रंग नको. केसला बफिंग म्हणजे मशीनवर पॉलिश नको. हे बफिंग प्रकरण फार धोक्याचं. बऱ्याच जुन्या घड्याळांची केस पितळेची असते, वर क्रोमचा किंवा सोनेरी मुलामा. पॉलिश केलं की मुलामा उडतो आणि खालचं पितळ दिसायला लागतं. मग 'आता पुन्हा मुलामा द्यावा लागेल' हे आलंच. स्टीलची केस असेल तरी कडांची धार जाऊन ती साबणाच्या वडीसारखी गुळगुळीत होते. काही भाग बदलावाच लागला तर आधी फोन करा आणि जुना भाग मला परत द्या, हेही सांगा. जमल्यास पावतीवर लिहून घ्या.

एक प्रश्न आवर्जून विचारा, मशिन पूर्ण खोलणार का? सर्व्हिसिंगच्या नावाखाली काही ठिकाणी मशिन न खोलता नुसतं पेट्रोलमध्ये बुडवून, वाळवून, वरून तेल टाकून देतात. घड्याळ आठवडाभर मस्त चालतं. खरं सर्व्हिसिंग म्हणजे एक न एक चाक सुटं करायचं, धुवायचं, झीज बघायची, जोडताना प्रत्येक जागी मोजून तेल द्यायचं. हे तासाभरात होत नाही. 'अर्ध्या तासात घेऊन जा' म्हणणाऱ्याला नमस्कार करून निघा, आणि 'पुढच्या आठवड्यात या' म्हणणाऱ्यावर चिडू नका.

रोज घालत असाल तर साधारण तीन ते पाच वर्षांनी हे पुन्हा करावं लागतं. कधीमधी घालत असाल तरी तेल सुकतंच, त्यामुळे डब्यात जपून ठेवलंय म्हणून सूट नाही.

रोज घालायचं तर

चावी दिवसातून एकदा, शक्यतो सकाळी, त्याच वेळेला. घड्याळ हातातून काढून. मनगटावर असताना चावी दिली तर ती तिरकी ओढली जाते आणि तिचा दांडा झिजतो. फिरवता फिरवता बोटांना अडथळा जाणवला की थांबायचं. ऑटोमॅटिक असेल, म्हणजे हाताच्या हालचालीवर चालणारं कांचनसारखं, तर त्यात वार-तारीख असते. रात्री नऊ ते पहाटे तीनच्या दरम्यान तारीख हाताने पुढे ढकलू नका. त्या वेळात आतली चाकं तारीख बदलायच्या तयारीत एकमेकांत अडकलेली असतात, दात तुटू शकतो.

पाणी हा विषय एका वाक्यात संपवते, मागच्या झाकणावर 'वॉटर रेझिस्टंट' कोरलेलं असलं तरी त्या काळातलं रबर आता बिस्किटासारखं झालेलं आहे, तेव्हा पावसात खिशात. आमच्याकडे उन्हाळ्यात पारा ४० च्या वर जातो, तेव्हा पाण्याइतकाच घामही बघावा लागतो. मागच्या झाकणावर साचलेला घाम धातू खातो. घरी आल्यावर मऊ कोरड्या कपड्याने पुसायची सवय लावा. कातडी पट्टा मे महिन्यात कपाटात ठेवा, नायलॉनचा घाला. पट्टा मूळ नसला तरी काही बिघडत नाही, पट्टे तेव्हाही दर वर्षा-दोन वर्षांनी बदलतच होते. आणि उन्हात उभ्या गाडीच्या डॅशबोर्डवर घड्याळ ठेवू नका, तेल पातळ होऊन भलतीकडे पसरतं.

बाईकवाल्यांनो, जनताच्या डायलवर 'पॅराशॉक' लिहिलेलं असतं. बॅलन्स व्हीलच्या धुऱ्याला धक्का बसू नये म्हणून केलेली स्प्रिंगची सोय. घड्याळ पडलं तर ती वाचवते. पण वाळूज ते चिकलठाणा रोज अप-डाऊन करताना खड्ड्यांमधून मनगटाला जे हादरे बसतात त्यासाठी ती बनवलेली नाही. मी गाडीवर असताना घड्याळ बॅगेत ठेवते, रुमालात गुंडाळून. मित्र हसतात.

आपल्या पिढीचा खास शत्रू मात्र वेगळाच आहे. आजोबांच्या काळात नसलेला. चुंबक! मोबाइलचा स्पीकर, इयरबड्सची डबी, टॅबचं मॅग्नेटिक कव्हर, लेडीज पर्सचं चाप बटण, लॅपटॉपचं झाकण. बॅलन्स व्हीलची ती केसाएवढी स्प्रिंग चुंबकीय झाली की तिचे वेढे एकमेकांना चिकटतात, स्प्रिंग आखूड झाल्यासारखी वागते आणि घड्याळ पळत सुटतं. चांगलं सर्व्हिसिंग झालेलं घड्याळ अचानक दिवसाला पाच-दहा मिनिटं पुढे जायला लागलं तर पहिला संशय चुंबकाचा घ्या. शाळेतलं साधं होकायंत्र जवळ आणा, सुई घड्याळाकडे वळून झुलायला लागली तर संशय आणखी पक्का. घाबरू नका, घडीसाजकडे एक छोटं यंत्र असतं, त्यावरून फिरवलं की काही सेकंदांत काम होतं. यासाठी कुणी पूर्ण सर्व्हिसिंगचे पैसे मागत असेल तर देऊ नका. आणि झोपताना घड्याळ मोबाइलवर ठेवायची सवय मोडा.

वेळ किती चुकलेली चालेल? मोबाइलशी रोज एकाच वेळी ताडून बघा. नीट सर्व्हिसिंग झालेलं जनता दिवसाला अर्ध्या मिनिटाच्या आत-बाहेर राहिलं तर ते उत्तम आहे. सेकंद-सेकंदाचा हिशेब हवा असेल तर हातातला फोन बघा, त्याच्याशी या यंत्राची शर्यत लावू नका.

काचेवरचे ओरखडे घरी काढता येतात. जुनी काच बहुतेक वेळा प्लास्टिकची, ॲक्रिलिकची असते. नखाने वाजवून बघा, आवाज बद्द येईल. मऊ कपड्यावर थोडी पांढरी टूथपेस्ट घेऊन गोल गोल घासली की बारीक ओरखडे जातात. पाणी न लावता, चावीच्या भोकाजवळ पेस्ट न जाऊ देता. खऱ्या काचेवर हा उपाय चालत नाही.

आणि ते अंधारात चमकणारं?

आपल्याकडे अंधारात चमकेल ते सगळं 'रेडियम'. बाईकच्या नंबर प्लेटचं स्टिकरसुद्धा. त्यात खरं रेडियम अजिबात नसतं. पण घड्याळांच्या बाबतीत हा शब्द एके काळी अक्षरशः खरा होता. विसाव्या शतकाच्या पहिल्या अर्ध्यात, आणि १९६०च्या दशकापर्यंत, काटे आणि आकडे चमकवायला रेडियम मिसळलेला रंग वापरत. अमेरिकेत तो रंग लावणाऱ्या मुली ब्रशचं टोक ओठांनी टोकदार करायच्या, त्यातल्या अनेक जणी आजारी पडून मेल्या.

पणजोबांचं स्विस घड्याळ असेल आणि आकड्यांवर तपकिरी, खरबरीत रंग असेल तर तो आता चमकत नसला तरी निरुपद्रवी झाला असं समजू नका. संपलेला असतो तो चमकणारा पदार्थ. रेडियम निम्मं व्हायला सुमारे १६०० वर्षं लागतात. काच बंद असलेलं असं घड्याळ अधूनमधून घातलं तर मोठा धोका नाही, पण ते घरी उघडू नका, तो रंग खरवडू नका, उशाखाली ठेवू नका, आणि घडीसाजला आधी सांगा. डायलवर सहाच्या खाली 'स्विस' या शब्दाच्या दोन्ही बाजूंना इंग्रजी 'टी' अक्षर असेल तर तो रेडियमनंतर आलेला, ट्रिटियमचा रंग. त्याची ताकद साधारण बारा वर्षांत निम्मी होते, त्यामुळे आता काळजी नाही.

घरात नाहीये, विकत घ्यायचंय

मग घाई करू नका. 'नवंकोरं जुना स्टॉक एचएमटी पायलट' असं लिहून विकली जाणारी बरीच घड्याळं नव्या छापील डायलची असतात. पन्नास वर्षांच्या घड्याळाची डायल शाळेच्या नव्या दप्तरासारखी चमकत असेल तर शंका घ्या. मोबाइलवर झूम करून अक्षरं बघा. कारखान्याची छपाई बारीक आणि सारखी असते, नंतरची जाड, फुटलेली, कधी किंचित तिरकी. मिनिट काटा कडेच्या रेघांपर्यंत पोचतोय का? आखूड पडत असेल तर तो दुसऱ्या घड्याळाचा. मागचं झाकण उघडून मशिनवर कंपनीचं नाव कोरलेलं दाखवा म्हणा. विकणारा फोटो द्यायला टाळाटाळ करत असेल तर उत्तर मिळालं.

त्याच्यापेक्षा सोपा मार्ग सांगू? घरात, नात्यात विचारा. मामाकडे, आत्याकडे, शेजारच्या निवृत्त सरांकडे. लोकांना वाटतं त्या वस्तूला आता कोण विचारतंय.

दुरुस्त कोण करणार?

मी ज्या घडीसाजकडे जाते त्यांचं दुकान म्हणजे एक काचेचं टेबल, एक दिवा आणि डोळ्याला लावायचं भिंग. त्यांच्या ड्रॉवरमध्ये शेकडो मेलेली घड्याळं आहेत, आणि कुठल्या डबीत कुठल्या मशिनचं कुठलं चाक आहे ते फक्त त्यांनाच माहीत. त्यांचा मुलगा शेजारीच मोबाइल दुरुस्त करतो आणि दिवसाला वडिलांपेक्षा जास्त कमावतो. हे काम शिकायला कुणी येतं का, असं विचारलं तर ते हसले. हात आता पूर्वीसारखा स्थिर राहत नाही, म्हणून बायकांची छोटी घड्याळं ते दुपारच्या उजेडातच घेतात.

एचएमटीचे सुटे भाग अजून बरीच वर्षं पुरतील. ते बसवणारे हात पुरतील का, याची मला जास्त धास्ती वाटते. त्यामुळे सर्व्हिसिंगच्या तीनशे-चारशे रुपयांसाठी घासाघीस करताना एकदा त्या टेबलाकडे बघा. तुमच्या गावात असा माणूस असेल तर त्याच्याकडे 'नंतर कधीतरी' नको, या महिन्यात जा. आणि कुणाला यंत्रांची खरी आवड असेल तर एखादं बंद पडलेलं जनता घेऊन त्यांच्या शेजारी बसा. सुरुवातीला त्याच्यावर हात बसवायला हरकत नाही, बिघडलं तरी ते आधीच बिघडलेलं आहे.

माझ्या निळ्या डायलचं काय झालं? जुन्या घड्याळांच्या ढिगातून घडीसाजनी जनताची एक मूळ पांढरी डायल शोधून दिली, थोडी पिवळट. ती बसवली. दिसायला बरीच जवळ आहे, पण आठजवळ डाग नाही. आजीला पुन्हा दाखवलं नाही.

मात्र गेल्या महिन्यात तिने स्वतःहून तिच्या डब्यातून एक पुरचुंडी काढली. आत तिची सुजाता होती, काचेला तडा, पट्टा तुटलेला. मी सगळ्या बाजूंनी फोटो काढले आणि घडीसाजना दिली. पावतीवर लिहून घेतलंय, फक्त मशिन, डायलला हात नाही. शुक्रवारी मिळणार आहे.